आईकडचा सेन्सर परत परत "हालचाल नाही" म्हणतोय? आधी हे तपासा

आईवडील पुण्यात, नाशकात, साताऱ्यात एकटे आणि मुलं बंगळुरूला नाहीतर बॉस्टनला, अशी कितीतरी घरं आता आहेत आणि त्यातल्या बऱ्याच घरांत भिंतीवर छोटे सेन्सर लागलेत. बेडरूम आणि पॅसेजमध्ये हालचालीचा सेन्सर, मुख्य दाराला आणि फ्रिजला दाराचा सेन्सर, गिझरला नाहीतर मिक्सरला स्मार्ट प्लग (उपकरण चालू झालं की कळवणारा), कोपऱ्यात एक हब, म्हणजे सगळ्या सेन्सरचे निरोप गोळा करून नेटवरून पुढे पाठवणारा डबा, आणि मुलांच्या फोनवर ॲप. कॅमेरा नको म्हणून ही सोय, आणि सोय चांगली आहे. मी आमच्या सोसायटीत आणि ओळखीच्या घरांत हे लावून देतो, त्यामुळे बिघडलं की फोन मलाच येतो आणि तक्रार बहुतेक वेळा तीच असते: सेन्सर "हालचाल नाही" म्हणतो आणि आई तर मजेत घरात फिरतेय. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

लक्षणं. तुमचं यातलं कोणतं ते आधी ओळखा

- सकाळी साडेआठला "पहाटेपासून हालचाल नाही" असा मेसेज येतो, घाबरून फोन करावा तर आई पोहे परतत असते.
- रात्री दहा-साडेदहानंतर दोनतीन सेन्सर एकदम ऑफलाइन जातात आणि सकाळी सातला आपोआप जागे होतात.
- लाइट जाऊन आली की हब गायब, मग कोणीतरी प्लग काढून परत लावेपर्यंत सगळं बंद.
- ॲपमध्ये बॅटरी 100 टक्के, दुसऱ्या दिवशी सेन्सर मेलेला.
- मुख्य दार दिवसभर "उघडं" दाखवतो, खास करून जुलै-ऑगस्टमध्ये.
- घराला कुलूप आहे आणि हॉलमध्ये हालचाल दिसतेय.
- मार्च आणि नोव्हेंबरमध्ये अलर्टची वेळ अचानक तासाभराने सरकते.
- आणि सगळ्यात वाईट लक्षण म्हणजे काहीच येत नाही, ॲप शांत, सगळं हिरवं. हे लोकांना लक्षणच वाटत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

काहीही तपासायच्या आधी

अलर्ट आला की तो खरा आहे असंच धरा, आधीचे वीस खोटे निघाले असले तरी. आधी आईला फोन. उचलला नाही तर पाच मिनिटांनी परत, मग शेजारच्या काकूंना किंवा वॉचमनला दार वाजवायला सांगा, आणि घराची एक किल्ली शेजारी ठेवलेली असलीच पाहिजे, सेफ्टी डोअरची पण. आतून कडी लावायची सवय असेल तर ती सोडवा, लॅच पुरतं, कारण आतली कडी असली की किल्लीचा काही उपयोग नाही. मी लावून दिलेल्या घरांत पंधरा मिनिटांचा नियम आहे: पंधरा मिनिटांत आवाज ऐकू आला नाही तर शेजारी किल्लीने दार उघडून आत जाणार, आणि गरज दिसली तर लगेच 108 ला ॲम्ब्युलन्स किंवा 112. सेन्सरची दुरुस्ती त्यानंतर.

आता मुद्द्याची गोष्ट. "हालचाल नाही" या मेसेजच्या मागे तीन वेगवेगळी कारणं असू शकतात. खरंच माणूस हलला नाही, किंवा माणूस हलला पण सेन्सरला दिसलं नाही, किंवा सेन्सरला दिसलं पण निरोप हबपर्यंत आणि फोनपर्यंत पोचला नाही. ॲप या तिन्हींना एकाच वाक्यात सांगतं आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. मग वैतागून लोक काय करतात, किती तास हालचाल नसली की मेसेज यायचा ती चार तासांची मर्यादा आठ करतात, आठची बारा करतात, मेसेज येणं थांबतं आणि सगळ्यांना वाटतं झालं दुरुस्त. कृपा करून असं करू नका. बारा तास बाथरूममध्ये पडून राहणं म्हणजे काय हे ज्यांनी बघितलंय त्यांना विचारा. मर्यादा वाढवणं हा उपाय नाही, बिघाड तिन्हीतला कुठला ते शोधणं हा उपाय आहे, आणि खालचा सगळा क्रम त्यासाठीच आहे, फुकटापासून महागापर्यंत.

1. आईला विचारा (फुकट)

सगळ्यात आधी फोनवर नीट विचारा आणि दरडावून नाही, गप्पा मारत विचारा. मावशींनी लादी पुसताना टेबल सरकवलं का, सेन्सर पडला म्हणून कोणी कपाटावर ठेवून दिला का, पाहुणे होते का, रात्री बाहेरच्या खोलीत झोपलीस का. उन्हाळ्यात बेडरूम तापते म्हणून हॉलमध्ये गादी टाकतात आणि बेडरूमचा सेन्सर बिचारा रिकाम्या पलंगाकडे बघत बसतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: रात्री झोपताना कोणती बटणं बंद करतेस? आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण असतं आणि आपल्या आईवडिलांची पिढी झोपायच्या आधी घरभर फिरून सगळी बटणं बंद करते, वीज वाचते आणि लाइट आल्यावर शॉर्ट होत नाही म्हणून. एका घरी मी रात्री मुद्दाम थांबलो होतो. बातम्या संपल्या, टीव्हीचं बटण खट्, त्याच बोर्डावरचं शेजारचं बटण खट्, पॅसेजमधल्या स्मार्ट प्लगचा हिरवा दिवा विझला आणि मिनिटाभरात काकू झोपायला गेल्या. ॲपमधले "रात्री ऑफलाइन" झालेले तिन्ही सेन्सर त्या एका बटणाचे होते.

असं का होतं ते समजून घ्या. यातले बहुतेक छोटे सेन्सर झिगबी नावाच्या पद्धतीने बोलतात. सेलवर चालणारा सेन्सर स्वतःचाच निरोप पाठवतो, दुसऱ्याचा पुढे देत नाही. पण विजेवर चालणारा स्मार्ट प्लग दुसऱ्यांचे निरोप पुढे पाठवतो, म्हणजे बेडरूमच्या सेन्सरचा निरोप पॅसेजच्या प्लगमार्गे हबला जातो. प्लग बंद केला की मागचे सगळे मुके. काही सेन्सर लगेच दुसरा रस्ता शोधतात, काही शोधतच नाहीत आणि सकाळी प्लग सुरू झाल्यावरच परत येतात.

उपाय: हब, राउटर आणि असे प्लग ज्या बोर्डावर आहेत त्या बटणांवर रंगीत चिकटपट्टी लावा आणि आईला कारण सांगून लावा. "हे बंद केलंस तर तू रात्री उठलीस की नाही ते मला कळणार नाही" एवढं सांगितलं की पुरतं, आया ऐकतात. नुसतं "हात लावू नकोस" म्हटलं तर ऐकत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे, घर त्यांचं आहे.

याच फोनमध्ये आणखी एक गोष्ट हळूच विचारा: तुला हे सेन्सर आवडतात का? काही जण मुद्दाम काढून ठेवतात कारण कोणीतरी सतत आपल्यावर नजर ठेवतंय असं वाटतं. तसं असेल तर तो बिघाड नाही, बसून बोलायचा विषय आहे. कुठल्या खोलीत चालेल, कोणाला दिसेल, सुनेला दिसलेलं चालेल का, हे त्यांनीच ठरवू दे.

2. तुमचा स्वतःचा फोन (फुकट)

निरोप हबपर्यंत आला पण तुमच्यापर्यंत नाही, असं खूप वेळा असतं आणि लोक तिकडे आईला पलंग सरकवायला लावतात. ॲप उघडून इतिहास बघा. पहाटे 5:40 ला बाथरूमची हालचाल नोंदलेली असेल आणि तुम्हाला मेसेज नसेल तर सेन्सर शहाणा आहे, फोन बिघडलाय. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये त्या ॲपची बॅटरी अनरिस्ट्रिक्टेड करा, ऑटोस्टार्ट असेल तर चालू करा, नाहीतर फोन रात्री ॲपला झोपवून टाकतो आणि अलर्ट तुम्ही ॲप उघडल्यावर एकदम पाचसहा येतात. डू नॉट डिस्टर्बमध्ये या ॲपला सूट द्या. आणि अलर्ट एकाच माणसाला नको, निदान दोघांना, त्यातला एक भारतात.

आता ते मार्च-नोव्हेंबरचं. भारतात घड्याळ वर्षभर एकच, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेदहा. मुलाने अमेरिकेत बसून खातं उघडलं आणि नियम (अमुक वेळी तपासून अलर्ट दे, ही ॲपमधली सूचना) अमेरिकेच्या वेळेत बसला, तर रात्री अकराचा नियम उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेआठला चालतो आणि नोव्हेंबरपासून साडेनऊला. म्हणजे आई सातला पडली असेल तर तुम्हाला कळायला आणखी एक तास. हबचा किंवा घराचा टाइमझोन ॲपच्या सेटिंगमध्ये आशिया-कोलकाता आहे का ते बघा, होम असिस्टंट (घरातले सेन्सर-प्लग सांभाळणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर सिस्टिमच्या जनरल सेटिंगमध्ये मिळेल. दोन मिनिटांचं काम आहे.

3. सेल (पन्नास-शंभर रुपये)

ॲपमधल्या टक्क्यांवर विश्वास ठेवू नका. गोल बटण सेल 3 व्होल्टचा, आणि त्याचं व्होल्टेज आयुष्यभर जवळजवळ सपाट राहतं आणि शेवटी धाडकन पडतं, त्यामुळे व्होल्टेजवरून काढलेले टक्के शेवटच्या आठवड्यापर्यंत छान दिसतात. त्यातून सेन्सर निरोप पाठवायच्या क्षणी जास्त करंट ओढतो, तेव्हा अशक्त सेलचं व्होल्टेज खाली जातं, निरोप जात नाही आणि नंतर मोजलं तर परत ठीक. मल्टिमीटर असेल तर 2.8 च्या खाली दिसला की मी बदलतोच.

त्यापेक्षा सोपं म्हणजे दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत सगळे सेल एकदम बदला, टक्के काहीही असोत. सेन्सरच्या मागे मार्करने महिना आणि वर्ष लिहा. सेल नाक्यावरच्या घड्याळवाल्याकडचा सुटा घेऊ नका, पाकीटबंद घ्या आणि नंबर नीट बघून घ्या, 2032 आणि 2450 वेगळे असतात आणि एकाच्या जागी दुसरा बसत नाही. जुने सेल टेबलावर सोडू नका. सुट्टीत नातवंडं येतात, आणि बटण सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, तसं झालं तर थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल.

सेल बदलल्यावर सेन्सर एकदा हलवून ॲपमध्ये नोंद आली का बघा आणि मगच पुढच्याकडे जा.

4. सेन्सरची जागा (फुकट, पण वेळ लागतो)

इथे जरा थांबून लिहितो कारण खरे बिघाड सगळ्यात जास्त इथे सापडतात.

साधा हालचालीचा सेन्सर माणूस बघत नाही, तो उष्णतेतला बदल बघतो. पुढच्या दुधी लेन्सने खोलीचे फाकांसारखे भाग केलेले असतात आणि गरम अंग एका भागातून दुसऱ्यात गेलं की तो जागा होतो. यातून चार गोष्टी निघतात.

एक, आडवं चाललेलं चांगलं दिसतं, सरळ सेन्सरच्या दिशेने आलेलं कमी दिसतं. म्हणून पॅसेजच्या टोकाला लावलेला सेन्सर पॅसेजमधून येणारी आई उशिरा पकडतो, तोच बाजूच्या भिंतीवर लावला की लगेच पकडतो. बाथरूमसाठी दाराच्या बाजूला, म्हणजे आत जाताना माणूस आडवा जाईल असा.

दोन, अंग आणि खोली यांच्या तापमानात फरक कमी झाला की सेन्सर आंधळा व्हायला लागतो. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे दुपारी खोलीच अंगाइतकी तापते, तेव्हा जो सेन्सर जानेवारीत पाच मीटरवरून पकडत होता तो दोन मीटरवरून पकडेल. दुपारचे खोटे अलर्ट फक्त उन्हाळ्यात येत असतील तर हेच कारण. सेन्सर जवळ आणा किंवा कूलर लागतो त्या खोलीत लावा.

तीन, गोधडी. पांघरुणाच्या आत कूस बदलली तर सेन्सरला काही दिसत नाही. झोपलेल्या माणसाची हालचाल या सेन्सरकडून मागूच नका, त्यासाठी गादीखालची दाबपट्टी हवी.

चार, उष्णतेतला कुठलाही बदल त्याला हालचालच वाटतो. देवघरासमोर लावलात तर समईची ज्योत, खिडकीसमोर लावलात तर उन्हाने तापून हलणारा पडदा, स्वयंपाकघरात गॅस, आणि लेन्सवरून चालत गेलेली पाल किंवा कोळी. कुलूपबंद घरात हालचाल दिसते ती बहुतेक वेळा पडद्याची. बंद काचेबाहेरच्या कबुतरांना मात्र दोष देऊ नका, साध्या काचेतून ही उष्णता आरपार जात नाही.

तपासायची पद्धत: आईला फोनवर ठेवा, ॲप उघडा, तिला रोजच्या वाटेने चालायला सांगा, पलंगावरून उठून बाथरूम, तिथून स्वयंपाकघर, देवघर, हॉल. तिच्या चालीने, तुमच्या नाही. एका खोलीत नोंद झाली की पुढच्या चाचणीआधी दीड-दोन मिनिटं थांबा, कारण सेल वाचवण्यासाठी बरेच सेन्सर एकदा बोलले की मिनिटभर गप्प बसतात आणि तुम्हाला उगाच वाटतं बिघडला. सेन्सर खाली पडत असेल तर दुहेरी चिकटपट्टी लावायच्या आधी भिंत कोरड्या फडक्याने पुसा, चुना सुटणाऱ्या भिंतीवर ती टिकत नाही, तिथे लाकडी चौकटीवर लावा.

दाराचा सेन्सर वेगळा. त्यात एका बाजूला लोहचुंबक आणि दुसऱ्या बाजूला चुंबकाजवळ मिटणारा बारीक स्विच, दोघांमध्ये साधारण दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं, पूर्ण बसत नाही, फट दोन सेंटिमीटर होते आणि ॲपला दार उघडंच दिसतं. दार जोरात दाबून धरा आणि ॲपमध्ये "बंद" झालं तर सेन्सर ठीक आहे, चुंबकाखाली पुठ्ठ्याचा तुकडा घालून तो जवळ आणा, आणि दार फारच अडत असेल तर सुताराला रंधा मारायला सांगा. लोखंडी सेफ्टी डोअरवर चुंबक थेट लावू नका, लोखंड चुंबकाची ताकद ओढून घेतं, आतल्या लाकडी दारावर लावा.

नवीन रडारवाले सेन्सर मिळतात, ते श्वासाची हालचालसुद्धा पकडतात आणि चांगले आहेत, पण आपल्याकडे प्रत्येक खोलीत छताला पंखा आहे आणि फिरणारा पंखा त्यांना माणूस वाटू शकतो. पंखा चालू असताना रिकामी खोली "कोणीतरी आहे" म्हणते का ते तपासल्याशिवाय त्यावर विसंबू नका, कारण ही चूक उलट्या बाजूची आहे: माणूस पडलेला असेल आणि सेन्सर पंख्याकडे बघून सगळं ठीक म्हणेल.

5. लाइट आणि राउटर (दीड-दोन हजारांपर्यंत)

लाइट गेली की इन्व्हर्टर पकडेपर्यंतचा तो एक झटका राउटरला पुरतो, तो परत सुरू होतो. हब पण परत सुरू होतो आणि बऱ्याचदा राउटरच्या आधी तयार होतो, नेट शोधतो, मिळत नाही आणि तसाच बसून राहतो. तपासायला सोपं: आईला हबचं बटण बंद करून राउटर पूर्ण लागल्यावर, म्हणजे पाच मिनिटांनी, चालू करायला सांगा. नीट चाललं तर हेच कारण.

यावर राउटरसाठी मिळणारा छोटा मिनी यूपीएस घ्या. घेताना ॲडॉप्टरवर लिहिलेलं व्होल्टेज आणि अँपिअर बघा, बहुतेक राउटर 12 व्होल्टचे असतात पण 9 चे आणि 5 चे पण असतात आणि चुकीचा लावला तर राउटर जळतो. फायबर असेल तर भिंतीवरचा फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असू शकतात, दोन्हीला बॅकअप लागतो, आणि हबला तिसरा. एवढं करूनही लाइट गेल्यावर नेट जात असेल तर बिल्डिंगच्या खाली केबलवाल्याच्या डब्याला बॅकअप नाही, ते तुमच्या हातात नाही, त्याच्याकडे तक्रार करा किंवा सिमवाला डोंगल ठेवा.

आणि एक नेहमीचं: नेटवाला माणूस येऊन गेला की त्याने राउटर रीसेट केला का, वायफायचं नाव किंवा पासवर्ड बदलला का ते विचारा. बदलला असेल तर सगळे वायफाय प्लग एकदम जातात. नवीन जोडत बसू नका, राउटरवर जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड परत टाका, सगळे आपोआप येतात. बरेचसे प्लग 2.4 गिगाहर्ट्झवरच चालतात, ते राउटरवर चालू आहे ना ते पण बघा.

6. झिगबीचा गोंधळ (फुकट, पण जरा डोकं लागतं)

वरचं सगळं ठीक आणि तरी लांबच्या खोलीतला सेन्सर अधूनमधून जातोय, तर मग लहरींचा प्रश्न. झिगबी आणि वायफाय दोघं त्याच 2.4 गिगाहर्ट्झमध्ये बोलतात. हब राउटरला चिकटून ठेवला असेल तर निदान एक मीटर लांब करा. हबऐवजी कॉम्प्युटर वापरत असाल आणि झिगबीची काडी त्याच्या निळ्या यूएसबी पोर्टात थेट लावली असेल तर तिला हातभर एक्स्टेन्शन वायर द्या, त्या पोर्टाचा अडथळा नेमका याच लहरींमध्ये येतो. मध्ये आरसीसीची भिंत किंवा लोखंडी कपाट असेल तर वाटेत आणखी एक विजेवर चालणारा प्लग लावा, आणि त्याच्या बटणाला चिकटपट्टी.

चॅनेल, म्हणजे त्या लहरींमधली ठरावीक पट्टी, बदलणं शेवटी. वायफाय 1, 6 किंवा 11 वर असतं, झिगबीला 15, 20 किंवा 25 जरा मोकळे पडतात. पण झिगबीचा चॅनेल बदलला की काही सेन्सर परत जोडावे लागू शकतात, म्हणून हे प्रत्यक्ष घरी असतानाच करा. बॉस्टनहून अजिबात नको, आईला स्टुलावर चढून सेन्सरचं बारीक बटण पिन घालून दाबायला लागेल आणि ज्या पडण्याला आपण घाबरतो ते आपणच घडवून आणू.

7. नियम नीट लिहा (फुकट, आणि सगळ्यात टिकाऊ)

पहिलं काम: "सेन्सर गप्प आहे" आणि "हालचाल नाही" हे दोन वेगळे मेसेज करा. सेन्सर हालचाल नसताना पण अधूनमधून हबला हजेरी देत असतो, ती बंद झाली की वेगळा निरोप यायला हवा. बरीच सॉफ्टवेअर यात उशीर करतात: होम असिस्टंटच्या झेडएचए या झिगबी सांभाळणाऱ्या भागात सेलवाला सेन्सर गेलाय हे मानायला मुळात 6 तास ठेवलेत, झिगबीटूएमक्यूटीटी या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आधी चालू करावी लागते आणि सेलवाल्यांसाठी मूळ मर्यादा 25 तासांची आहे. म्हणजे काल मेलेला सेन्सर आज सकाळी ठणठणीत दिसतो आणि अलर्ट मात्र आईच्या नावाने येतो. तुमचा सेन्सर किती वेळाने हजेरी देतो ते इतिहासात बघा आणि ही मर्यादा त्याच्या दुप्पट-तिप्पट ठेवा.

तसंच हब स्वतः मेला तर सांगणार कोण? हबने दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सेवेला "मी आहे" म्हणायचं आणि ते थांबलं की त्या सेवेने तुम्हाला कळवायचं, अशी व्यवस्था करा. शांत, हिरव्या ॲपवर उपाय हाच.

दुसरं, एका सेन्सरवर अलर्ट नको. डॉक्टर मंडळी रोजच्या जगण्याची तपासणी करताना सहा गोष्टी बघतात, 1963 साली सिडनी कॅट्झ यांनी मांडलेली यादी अजून वापरात आहे: आंघोळ, कपडे, संडासला जाणं, उठबस, लघवी-शौचावर ताबा, जेवण. आपल्या सेन्सरला यातलं एकही थेट दिसत नाही. त्याला दिसतं बाथरूमचं दार, गिझर चालू झाल्याचं, फ्रिज उघडल्याचं. म्हणून दोन खुणा एकत्र घ्या: सकाळी साडेआठपर्यंत बाथरूमची हालचाल पण नाही आणि फ्रिज पण उघडला नाही, तरच अलर्ट. उलट बाथरूममध्ये शिरल्याची नोंद आणि पुढे 45 मिनिटं दुसऱ्या कुठल्याच खोलीत काही नाही, हा अलर्ट एकट्याने पण वाजू द्या, त्यात तडजोड नको.

तिसरं, बाहेर गेलेली आई. मुख्य दार उघडून मिटलं आणि त्यानंतर आत काहीच नाही, तर ती बाहेर आहे असं धरा आणि दार परत उघडेपर्यंत घरातला अलर्ट थांबवा, पण संध्याकाळी ठरलेल्या वेळेपर्यंत दार उघडलं नाही तर निरोप यायला हवा.

चौथं, माणसं. मावशी दहा ते अकरा घरात असतात तेव्हाची हालचाल आईची नाही, ती मोजू नका, नाहीतर आई पडलेली आणि ॲप खूश असं होईल. गणपतीत घर भरलेलं असतं तेव्हाचे आकडे "सवय" म्हणून धरू नका. कार्तिकात काकडआरतीला पहाटे चारला उठणाऱ्या आईची सकाळ महिनाभर बदलते, त्यावर घाबरू नका.

कधी थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

वीज: प्लग हाताला गरम लागला, जळका वास आला, सॉकेट काळा पडला किंवा प्लग लावला की मेन ट्रिप होतो, तर तिथेच थांबा, बटण बंद, इलेक्ट्रिशियन. 2 किलोवॉटचा गिझर साधारण 9 अँपिअर ओढतो आणि 3 किलोवॉटचा 13, त्याला 10 अँपिअरचा स्मार्ट प्लग लावूच नका, 16 चाच हवा आणि सॉकेट पण 16 चाच. बोर्ड उघडून आत काही बसवायचं असेल तर ते पण इलेक्ट्रिशियननेच, यूट्यूब बघून नाही.

नेटवर्क: राउटरवर लाल दिवा असेल, फायबरची वायर वाकली असेल तर नेटवाल्याला बोलवा. सेन्सर नवा सेल घालून हबच्या शेजारी ठेवला तरी नोंद देत नसेल तर तो गेला, वॉरंटीत द्या किंवा नवा घ्या, उघडू नका.

आणि तिसरं, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. वरचं सगळं तपासलं, सेल नवे, जागा बरोबर, नियम बरोबर, आणि तरी आकडे बदललेले दिसतायत, तर मग सेन्सर खरं सांगतोय. रात्री एकदा उठणारी आई चारचारदा बाथरूमला जातेय, फ्रिज दिवसभर उघडत नाहीये, सकाळी अकरापर्यंत पलंगावर आहे, पॅसेज ओलांडायला आधीपेक्षा जास्त वेळ लागतोय. यात लघवीचं इन्फेक्शन, साखर, वडिलांचं असेल तर प्रोस्टेट, नवीन गोळीचा परिणाम, उदास वाटणं, काहीही असू शकतं आणि ते सेन्सरवरून ठरवायचं नाही. एकदम गोंधळल्यासारखं बोलत असेल, तोंड वाकडं, एक हात ढिला, किंवा पडून डोक्याला लागलं असेल तर त्याच क्षणी 108. बाकी वेळी दोन दिवसांत डॉक्टर. बोलायला कोणी हवं असेल, मदत कुठे मिळेल ते विचारायचं असेल तर ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन 14567 आहे.

डॉक्टरांकडे जाताना "जास्त उठते" एवढंच सांगू नका, मागच्या दोन आठवड्यांचं रात्रीचं उठणं तारीखवार कागदावर लिहून न्या, सोबत गोळ्यांची यादी. होम असिस्टंट मुळात 10 दिवसांचाच तपशील ठेवतो, तो आधीच वाढवून ठेवा म्हणजे मागचा महिना पण दाखवता येईल. आणि डॉक्टरांनी बघेपर्यंत अलर्टची मर्यादा आहे तशीच ठेवा, कितीही वेळा वाजला तरी.